आईच्या पायाला वीसपैकी वीस

"हे पाय शेवटचे कुणी तपासले?" सर्जननी विचारलं.

गुरुवारची सकाळ होती, अकराचा सुमार. हॉस्पिटलच्या ड्रेसिंग रूममध्ये आई टेबलावर आडवी होती आणि तिच्या उजव्या पायाच्या दुसऱ्या बोटातलं चांदीचं जोडवं त्यांनी नुकतंच कटरनं कापून काढलं होतं. आम्ही तंजावरकर त्याला तमिळ लोकांसारखं मेट्टीच म्हणतो. तीन वेढ्यांची, जाड, जुनी मेट्टी. ती निघाली आणि खोलीत वास पसरला. खालचं बोट काळं पडलं होतं आणि मधल्या खाचेत पांढरं हाड दिसत होतं.

"गँगरीन," ते म्हणाले. गँगरीन म्हणजे रक्त पोचत नाही म्हणून आणि जंतूंमुळे मांस मरतं, सडतं. "बोट काढावं लागेल. वर किती गेलंय ते एक्स-रेत कळेल."

मेट्टी कापताना आईनं अप्पांना बाहेर पाठवलं होतं. नवरा जिवंत असताना मेट्टी काढली तर त्याच्या जिवाला धोका, असं ती मानते. कापून झाल्याबरोबर तिनं आधी स्वतःच्या पायाकडे बघितलं नाही, मला म्हणाली, "अगो अंबू, त्यांना आंत बोलाव, बघूं दे मला." अप्पा कॉफीचा फ्लास्क काखेत धरून आत आले, धडधाकट. तेव्हा तिनं डोळे मिटले.

अप्पांनी सर्जनचा प्रश्न दारातून ऐकला होता. डॉक्टरांनी जरा जास्त लक्ष घालावं या हेतूनं असेल, ते म्हणाले, "आमची मुलगी याच विषयात डॉक्टरेट करत्ये सर. शुगर असलेल्यांनी पायांची काळजी कशी घ्यायची, हाच विषय."

सर्जननी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "सर, घरी बघायला वेळच झाला नाही."

ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "दिव्याखाली अंधार," एवढंच म्हणाले. तमिळमध्येही ही म्हण आहे. पुढचे पाच आठवडे मी तिच्या आड लपून काढले. कारण मी खोटं बोलले होते. दोनच महिन्यांपूर्वी, मागच्या अंगणात आईला स्टुलावर बसवून, हातात टॉर्च धरून मी तेच पाय तपासले होते आणि त्यांना वीसपैकी वीस मार्क दिले होते.

हे मी आजारपणाचा अनुभव म्हणून लिहीत आहे. ज्यांच्या घरात कुणाला शुगर आहे त्यांच्यासाठी लिहीत आहे, आणि माझ्यासारख्या शहाण्या बायकांसाठी तर जरूर. माझा प्रबंध इंग्रजीत आहे, त्यातली प्रश्नावली तमिळमध्ये. ही गोष्ट मात्र घरच्या भाषेत सांगायला हवी होती. पुण्याच्या चुलत वहिनीनं माझं मराठी सुधारून दिलं. तिनं हात लावला नाही तिथं आमचं तंजावरी तसंच राहिलं आहे.

आम्ही राजवाड्यामागच्या गल्लीतले. पिढ्यान्पिढ्या इथलेच, पण लग्नाकार्यात अजून 'आम्ही मराठी' असं मान वर करून सांगणारे. अप्पा पाटबंधारे खात्यात होते. अशा घरातली मुलगी नर्स झाली ही गोष्ट नातेवाइकांत हळू आवाजात सांगितली जायची. मी नर्सिंग कॉलेजात शिकवायला लागल्यावर अप्पा 'ती टीचिंगमध्ये आहे' म्हणू लागले. नर्सिंग हा शब्द गाळून. मला ते कळायचं. मीही तेच करायचे, कशाला खोटं बोलू.

मग नव्वदच्या दशकात जिकडेतिकडे खाजगी नर्सिंग कॉलेजं निघाली. गल्लीच्या तोंडाशी एसटीडी बूथ आला, घरोघरी रंगीत टीव्ही आला, आणि आमच्या क्षेत्रात पीएचडी हा शब्द आला. तोवर नर्सला पीएचडी कशास, असंच सगळे विचारायचे. मी मद्रासच्या एका बाईंकडे नाव नोंदवलं. त्या माझ्या गाईड. एका नव्या कॉलेजानं सांगून ठेवलं होतं, प्रबंध दिलात की प्रिन्सिपॉलची खुर्ची तुमची. मी अडतीस वर्षांची, लग्न न केलेली. अप्पांनी तर पितळी पाटीच करवून आणली, 'डॉ.' घालून. वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात ठेवली होती.

नर्सिंगमधलं संशोधन म्हणजे काय ते थोडक्यात सांगते, नाहीतर माझी चूक कळायची नाही. औषध शोधणं हे आमचं काम नव्हे. माणसाला शिकवलं तर तो आपली काळजी जास्त नीट घेतो का, हे आम्ही मोजतो. शुगर बरीच वर्षं राहिली की पायाच्या नसा बधिर होतात. याला न्यूरोपथी म्हणतात. खिळा टोचला तरी कळत नाही. म्हणून पाय रोज डोळ्यांनी बघावे लागतात. पापनाशमच्या आसपासच्या गावांतल्या शुगर असलेल्या बायका मी निवडल्या. निम्म्यांना पायांची काळजी शिकवली, निम्म्यांना नंतर शिकवायचं ठरवलं, आणि सगळ्यांचे पाय आधी एकदा आणि शेवटी एकदा तपासले.

तपासायला लागतं टूल. आमच्यात टूल म्हणजे हत्यार नव्हे, मोजायचा कागद. वीस बाबी, प्रत्येकीपुढे होय किंवा नाही. माझं टूल मी एका परदेशी नियतकालिकावरून घेतलं. ते तमिळमध्ये करवलं, दुसऱ्याकडून परत इंग्रजीत करवलं, जुळवून पाहिलं. मूळ कागदावर मोज्यांबद्दल विचारलं होतं. आमच्या बायकांनी जन्मात मोजे घातले नाहीत, म्हणून मी तिथे चपला घातल्या आणि त्या बदलाचा मला फार अभिमान वाटला. मग सात तज्ज्ञांनी टूल तपासून दिलं. याला व्हॅलिडिटी म्हणतात, म्हणजे जे मोजायचं तेच मोजलं जातं ना, याची खात्री.

त्या सातांत पाच बायका होत्या. पाचही जणींच्या पायांत मेट्ट्या होत्या. मेट्टीखाली काय आहे असा प्रश्न एकीलाही सुचला नाही, कारण सवाष्णीची मेट्टी काढायची असते हेच कुणाच्या डोक्यात येत नाही. आणि मूळ कागद जिथून आला तिथे मेट्टी नाही. माझे पाय तर मोकळेच. अकराव्या बाबीत मी लिहिलं होतं, 'बोटांमधल्या जागा स्वच्छ व कोरड्या आहेत.' मेट्टीनं झाकलेली जागा ही मला जागाच वाटली नव्हती.

आता अंगणातला तो दिवस.

शेवटची फेरी सुरू करण्याआधी हात बसावा म्हणून मी घरी आईवर सराव करायचे. त्या रविवारी तिला स्टुलावर बसवलं, पाय धुतले, पुसले, टॉर्च घेतला आणि कागदावर बरोबरच्या खुणा करत गेले. अकराव्या बाबीशी आले. मेट्टीचं बोट जरा सुजलेलं होतं. मला ते दिसलं. बोटं दाबून फाकवली आणि जेवढं दिसलं तेवढं बघितलं.

आई म्हणाली, "तिथें आंत जरा..."

तिला काहीतरी सांगायचं होतं. आणि मी, माझ्या सख्ख्या आईला, म्हणाले, "आई, मध्ये बोलूं नको. तो प्रश्न टूलमध्ये नाही."

संशोधकानं तपासणीच्या वेळी बोलू नये, सुचवू नये, नाहीतर उत्तरं बिघडतात, असा आमचा नियम आहे. नियम बरोबर आहे. पण समोर आई होती आणि तो सराव होता. ती गप्प झाली. मी अकरावर खूण केली, मग पुढच्या नऊंवर. "वीसपैकी वीस," मी म्हणाले. ती हसली आणि म्हणाली, "पास झालें म्हण की."

नंतर तिनं विषय काढला नाही. तिला वास यायला लागला होता, तो आम्हाला येऊ नये म्हणून ती मेट्टीभोवती हळद आणि चंदनाचं गंध लावायची. हे तिनं हॉस्पिटलात सांगितलं. मी रोज तिच्या समोर बसून जेवत होते आणि मनात प्रबंधाची वाक्यं जुळवत होते. मला चंदनाचा वास यायचा. मला वाटायचं, पूजेचा.

मग एका मंगळवारी तिला थंडी वाजून ताप आला. मी क्रोसिन दिली. बुधवारी शुगर इतकी वाढली की ती बरळायला लागली. अप्पांनी रिक्षा आणली. ॲडमिट केलं, सलाइन, इन्सुलिन, रक्त तपासायला. तापाचं मूळ सापडेना. गुरुवारी सकाळी एक तरुण डॉक्टरीण चादर बाजूला करून पायांशी वाकली, नाक आक्रसलं आणि सर्जनना बोलवायला गेली. तिनं कुठलाही कागद पाहिला नव्हता. नुसती वाकली होती.

एक्स-रेत हाड पोखरलेलं दिसलं. त्याला ऑस्टिओमायलायटिस म्हणतात, हाडाचा जंतुसंसर्ग. शनिवारी ऑपरेशन झालं. दुसरं बोट आणि त्याच्या मागचं तळव्यातलं थोडं हाड काढलं. ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर अप्पा आणि मी दीड तास बसलो होतो. अप्पा मला धीर देत होते. "तुला कसं कळणार? तू दिवसभर लोकांचे पाय बघायचीस," ते म्हणाले. मी मान हलवली. त्या दीड तासात खरं सांगायला मला कुणी अडवलं नव्हतं.

संध्याकाळी घरी आंघोळीला गेले तेव्हा मी पहिलं काम कुठलं केलं असेल? फायलीतून आईच्या सरावाचा तो कागद काढला. फाडायचा धीर झाला नाही. अप्पांच्या जुन्या पंचांगांच्या गठ्ठ्यात खुपसून ठेवला.

रोज ड्रेसिंग. डिब्राइडमेंट हा शब्द तुम्हाला ऐकू येईल, घाबरू नका. मेलेलं मांस खरवडून काढतात, खाली लाल, जिवंत मांस लागलं की जखम भरते. बधिर पायाला ते फारसं दुखत नाही, बघणाऱ्याला दुखतं. इतकी वर्षं मी विद्यार्थिनींना ड्रेसिंग शिकवलं, पण आईच्या ड्रेसिंगला मला भिंतीकडे तोंड करून उभं राहावं लागायचं. वॉर्डातल्या सिस्टर माझ्याच हाताखाली शिकलेल्या. त्या मला खुर्ची आणून द्यायच्या, "मॅडम, घरचं माणूस म्हणजे असंच होतं, दिव्याखाली अंधार," म्हणायच्या. आणि मी "हो गं" म्हणायचे.

अंधार कुठला? मी टॉर्च धरून बघितलं होतं.

सर्जननी दुसऱ्या पायातली मेट्टीही काढायला सांगितली. आई ऐकेना. ते म्हणाले, "अम्मा, मेट्टी हवी की पाय हवा?" आईनं एक दिवस विचार केला. दुसऱ्या दिवशी तिनं अप्पांना हळकुंड उगाळून आणायला लावलं, ती मेट्टी आणि आधीच्या मेट्टीचे कापलेले तुकडे हळदीच्या पाण्यात धुतले आणि गळ्यातल्या तालीच्या पिवळ्या दोऱ्यात गाठ मारून बांधले. ताली म्हणजे मंगळसूत्रच. शेजारच्या खाटेवरची म्हातारी म्हणाली, "पायातलं गळ्यात बांधायचं का?" आई म्हणाली, "बढती झाली म्हण." सगळा वॉर्ड हसला. मीसुद्धा हसले आणि लगेच बाथरूममध्ये जाऊन रडले.

आई खाटेवर पडल्या पडल्या माझ्या कामाची चौकशी करायची. दुसऱ्या आठवड्यात तिनं विचारलं, "त्या पापनाशमकडच्या बायकांच्या पायांत मेट्ट्या असतीलच की?"

"असतात."

"त्यांच्या काढून बघितल्यास?"

"बघीन," मी म्हणाले.

नाही बघितल्या. शेवटची फेरी संपली होती. आकडे बसले होते. शिकवलेल्या बायकांचे पाय न शिकवलेल्यांपेक्षा चांगले निघाले होते, जसे निघायला हवेत तसे. कॉम्प्युटर सेंटरमध्ये चौथं प्रकरण टाइप होऊन फ्लॉपीत पडलं होतं. मी पुन्हा जाऊन मेट्ट्या काढल्या आणि खाली जखमा निघाल्या तर माझी अकरावी बाब खोटी, म्हणजे सगळे मार्क खोटे, म्हणजे सगळं पुन्हा. दोन वर्षं तरी. खुर्ची गेली, पाटी कपाटात. पण हे सगळं एका बाजूला. खरं कारण एवढंच होतं की गेले तर सांगावं लागलं असतं, आणि मला लाज वाटत होती.

चोविसाव्या दिवशी आईला घरी सोडलं. पाचव्या आठवड्यात एका सकाळी मी तिला रसम-भात कालवून देत होते. ती भात चिवडत राहिली. मग म्हणाली, "अंबू, मी काही शिकलेली नव्हे. पण मला इतकें समजतें. माझ्या बोटाची तुला लाज वाटत्ये. म्हणून तू त्या बायकांकडे जाईनास."

मी तिच्या भातावर अजून रसम ओतलं.

"माझें बोट गेलें तें गेलें. त्या दिवशीं तू मला गप्प केलीस, मी झालें. आई आहें. त्या बायकांनी कशास गप्प बसायचें?"

तिला सगळं आठवत होतं. पाच आठवडे तिनं कुणालाही, अप्पांनाही, सांगितलं नव्हतं. मी लपवत होते आणि ती मला लपवू देत होती.

त्याच दुपारी मी पंचांगांतून कागद काढून अप्पांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून वीसच्या वीस खुणा वाचल्या. मग घडी घालून कागद परत दिला आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

मद्रासला जाऊन गाईडबाईंना सांगितलं. कडक बाई, त्यांच्यापुढे उभं राहायला मी नेहमीच भ्यायचे. त्यांनी तो कागद वाचला, आईच्या पायाचा केसपेपर वाचला. आपल्या स्वतःच्या पायांकडे एकदा बघितलं. त्यांच्याही पायांत मेट्ट्या होत्या. म्हणाल्या, "प्रबंधाचं नंतर बघू. आधी त्या बायकांचे पाय बघून ये. इथे का आलीस?"

दुसऱ्या दिवशी पापनाशमची बस धरली. भाताची लावणी चालली होती, कालव्याच्या कडेनं चालत मी घरोघर गेले. बायका मेट्टी काढायला तयार होईनात. नवरा ओसरीवर बसलेला, आणि ही बाई म्हणते मेट्टी काढ. एका सासूनं मला चक्क बाहेर काढलं. मग मी आईची गोष्ट सांगायला लागले. बोट कसं गेलं, मेट्ट्या तालीच्या दोऱ्यात कशा बांधल्या, आणि माझे अप्पा ठणठणीत आहेत. बढतीचा विनोद ऐकून त्या हसायच्या आणि पाय पुढे करायच्या. ज्यांना पायातलं गळ्यात नको वाटलं त्यांनी कुंकवाच्या डबीत ठेवल्या. बऱ्याच जणींच्या मेट्टीखाली काही नव्हतं. काही जणींच्या होतं. पांढरी भिजकी कातडी, भेगा, दोघींना उघड्या जखमा. एकीलाही पत्ता नव्हता. त्या दोघींना मी स्वतः हॉस्पिटलात नेलं. दोघींचे पाय वाचले.

पट्टम्माळचं घर यादीत शेवटून तिसरं होतं. पन्नाशीची, हसरी बाई. मी शिकवलेल्या गटातली सगळ्यात हुशार. पाय धुवायचे, मऊ फडक्यानं टिपायचे, नारळाचं तेल लावायचं पण बोटांच्या मध्ये नाही, हे ती पाढ्यासारखं म्हणून दाखवायची. शेवटच्या फेरीत तिला मी वीसपैकी वीस दिले होते.

ती पडवीत भिंतीला टेकून बसली होती. उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता. पंधरा दिवसांपूर्वी कापला, तिच्या नवऱ्यानं सांगितलं. मेट्टीच्या बोटापासून सुरू झालं.

मला कळल्यापासून तिचा पाय जाईपर्यंत मध्ये तीन आठवडे होते. त्या तीन आठवड्यांत पापनाशमला जाणारी बस रोज सुटत होती.

मला बघून ती ओशाळली. ती ओशाळली. पदर सावरत म्हणाली, "अम्मा, मला माफ करा. तुम्ही सांगितलेलं सगळं मी रोज केलं. माझंच कुठे काही चुकलं असणार. तुमच्या परीक्षेला माझ्यामुळे बट्टा नाही ना लागणार?"

मी जमिनीवर बसले. तिला सगळं सांगितलं. कागद परदेशातून आणला, मेट्टीचं लिहायला विसरले, माझ्या आईचं बोट त्यातच गेलं, त्यानंतर मला कळलं होतं आणि तरी मी पाच आठवडे आले नाही. का आले नाही तेही सांगितलं. तमिळमध्ये लाजेला सोपा शब्द आहे, तो वापरला. "तुमचं काही चुकलं नाही. माझं चुकलं," मी म्हणाले.

तिनं उरलेल्या पायाकडे बघितलं. मग नवऱ्याला म्हणाली, "यांना पाणी दे." माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मी विचारलं नाही. मी पाणी प्याले. नंतर हॉस्पिटलच्या चकरा, बधिर पायाला सोसेल असा नकली पाय, यात मी तिच्याबरोबर होते. अजूनही दर महिन्याला जाते. दुसरा पाय बघते. तिनं मला कधी येऊ नका म्हटलं नाही, एवढंच मी म्हणू शकते.

प्रबंध दोन वर्षं लांबला. खुर्ची दुसऱ्या बाईंना मिळाली, चांगल्या आहेत त्या. नवं टूल केलं. पहिल्या टूलची चूक, पट्टम्माळचं नाव न घेता तिचा पाय, आणि माझा उशीर, हे सगळं प्रबंधात एका प्रकरणात लिहिलं. गाईडबाईंनी त्यातला एक शब्द खोडला नाही. तोंडी परीक्षेत एका परीक्षकांनी विचारलं, "हे प्रकरण असायलाच हवं का?" मी म्हणाले, "सर, हेच तर सापडलंय." अप्पांनी पाटी लावली. मी जिन्याखाली लावा म्हणाले होते, त्यांनी दारावरच लावली. येता-जाता ती मला दिसते आणि बरं वाटत नाही. काढावी असंही वाटत नाही. राहू दे, आठवण राहील.

तुमच्या घरी शुगर असलेलं कुणी असेल तर एवढं करा. रोज त्यांचे पाय हातात घ्या. नुसते बघू नका, हातात घ्या. मेट्टी, जोडवं, काळा दोरा, जे काही बोटाला करकचून बसलंय ते काढा आणि खाली बघा. देव त्यानं रागावत नाही, मी अप्पांच्या तब्येतीवरून सांगते. आणि वास आला तर तो पूजेचा समजू नका. त्या तरुण डॉक्टरिणीचं नाव विचारायचं मला त्या गडबडीत राहिलं, पण चादर बाजूला करून वाकणारी ती बाई मी रोज विद्यार्थिनींना सांगते. आणि आईचे उपकार कुठल्या तोंडानं मानू? तिच्या बोटावर माझी डॉक्टरेट उभी आहे.

आईला देवनागरी वाचता येत नाही, म्हणून हे सगळं मी तिला वाचून दाखवलं. पट्टम्माळचं आलं तेव्हा तिनं हात वर करून थांबवलं, पाणी प्याली, मग पुढे वाच म्हणाली. 'वाक्यं जुळवत होते' तिथे म्हणाली, "जेवण पण नीट करत नव्हतीस, तें लिही." लिहिलं.

नव्या टूलमध्ये दोन बाबी वाढल्या आहेत. एकविसावी मेट्टीची. बाविसावी बाब सगळं तपासून झाल्यावर, पेन्सिल खाली ठेवून विचारायची असते. दर रविवारी आईला अंगणात स्टुलावर बसवते, नऊ बोटं एकेक करून बघते आणि शेवटी पेन्सिल खाली ठेवते.

"पायाबद्दल अजून काही सांगायचं आहे?"

ती दरवेळी तोंड गंभीर करून विचारते, "तो प्रश्न टूलमध्ये आहे काय?"

पहिल्यांदा तिनं असं विचारलं तेव्हा मला तिच्या पायांवर डोकं ठेवून रडू आलं होतं. आता मी रडत नाही. लाज काही गेली नाही, पण आवाज निघतो.

"आहे, आई. बाविसावा. सांग."